कमांड अडते तेव्हा: सामायिक सर्व्हरवरच्या बिघाडशोधाचा आढावा

स्वतःच्या लॅपटॉपवर एखादी कमांड चालली नाही, तर भांडण दोघांतले असते: आपण आणि यंत्र. तीच कमांड पन्नास जणांनी लॉगिन केलेल्या सर्व्हरवर अडली, की त्यात बरेच जण ओढले जातात. कोणाच्या तरी प्रोग्रामने मेमरी खाल्लेली असते, कोणाच्या फायलींनी डिस्क भरलेली असते, कोणी तरी काल रात्री एखादी सेटिंग बदललेली असते; आणि एरर ज्याच्यासमोर येते, त्याचा या तिन्हींशी काडीचा संबंध नसतो. चूक एकाची, ती दिसते दुसऱ्याला आणि दुरुस्तीचा हक्क तिसऱ्याकडे. सामायिक यंत्रांवरच्या बिघाडशोधाबद्दल गेली साठेक वर्षे जे मतभेद चालत आले आहेत, ते बहुतेक या वाटणीतून निघालेले आहेत.

चंद्रपूर-गडचिरोलीत बसून हे मतभेद पाहिले, तर त्यांना अंतराचीही जोड मिळते. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६चे, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११चे. इथल्या संगणकाच्या विद्यार्थ्याला सामायिक लिनक्स यंत्राची ओळख होते ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जिथे अ‍ॅडमिन फार तर शेजारच्या खोलीत असतो. दुसरीकडे तलाठी, रेशन दुकानदार, बँकेच्या शाखेतला कर्मचारी आहेत. तेही दिवसभर सामायिक सर्व्हरच वापरतात, पण त्यांचा सर्व्हर जिल्ह्यात नसतो. दोघांना पडद्यावर दिसते ते सारखेच: काम झाले नाही. पुढची वाट मात्र दोघांची वेगळी.

यंत्र एक, माणसे अनेक

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा काम करण्याची रीत पत्त्यांच्या गठ्ठ्याची होती. भोके पाडलेले पत्ते खिडकीवर द्यायचे, पाळी आली की ते यंत्रात जायचे, मग छापील कागद हाती यायचा. यंत्र सामायिक होते, पण एका वेळी एकाचे. चूक निघाली तर बहुधा आपल्याच पत्त्यांत.

एकाच वेळी अनेकांनी वापरायच्या यंत्राची कल्पना अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी १९६१मध्ये करून दाखवली. त्या सीटीएसएस नावाच्या प्रणालीवरची एक घटना कॉर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली. एका दुपारी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. कारण शोधले तेव्हा असे निघाले, की एडिटर तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव द्यायचा. प्रणालीच्या डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. त्या दिवशी दोघे होते. एक सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल. दोघांच्या हातून कसलीही चूक झाली नव्हती. या क्षेत्रातली बरीच पुस्तके वाचून जे कळते, ते या एका दुपारीत आहे.

१९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, आणि मालक, गट व इतर अशी परवानग्यांची तिहेरी विभागणी रूढ झाली. साध्या वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलता यावा, पण पासवर्डच्या फाइलला हात लावता येऊ नये, यासाठी रिची यांनी सेटयूआयडी ही युक्ती काढली. तिचे पेटंट १९७९मध्ये मिळाले. प्रोग्राम चालवणारा कोणीही असो, तो चालतो मालकाच्या हक्काने. आजच्या निम्म्या परवानगी-वादांचे मूळ या युक्तीत आहे.

आपल्याकडे सामायिक युनिक्स यंत्र सर्वसामान्य माणसाजवळ आले ते १९९०च्या दशकात, बँकांच्या शाखांमधून. एका खोलीत सर्व्हर, बाहेर काउंटरवर साधी टर्मिनल्स, आणि शाखेतलाच एखादा चार कमांड शिकवलेला अधिकारी. टर्मिनल अडले की तो आत जाऊन अडलेली प्रोसेस मारायचा. पुढे कोअर बँकिंग आले आणि सर्व्हर शाखेतून डेटा सेंटरमध्ये गेला. स्टेट बँकेचा नवी मुंबईत बेलापूरला. जमिनीच्या नोंदींचेही तसेच. तहसील कार्यालयातल्या संगणकावरचे काम ई-फेरफारच्या केंद्रीय व्यवस्थेत गेले आणि २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. सोय निर्विवाद झाली. फक्त आत जाऊन प्रोसेस मारणारा तो माणूस राहिला नाही.

अडण्याच्या तऱ्हा

बाहेरून एकच दिसणाऱ्या बिघाडाची कारणे आतून फार वेगळी असतात. शेल प्रत्येक कमांडनंतर एक अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे काम नीट झाले. १२७ म्हणजे त्या नावाची कमांडच सापडली नाही; १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही; १३७ म्हणजे चालत होती, पण कोणी तरी मारली, कारण १२८मध्ये सिग्नलचा ९ मिळवला की १३७ होतात. हा मारणारा पुष्कळदा खुद्द कर्नलच असतो: मेमरी संपत आली की तो एखादी मोठी प्रोसेस निवडून संपवतो. पन्नास जणांच्या यंत्रावर मेमरी खाणारा एक आणि मारला जाणारा दुसराच, हे सर्रास घडते. हा अंक पाहण्याची सवय मात्र फार कमी जणांना असते.

प्रयोगशाळेत रोज दिसणारा एक प्रकार असा. विद्यार्थी घरी विंडोजवर नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट लिहितो, पेन ड्राइव्हवर आणतो, सर्व्हरवर टाकतो. ‘बॅड इंटरप्रीटर’ असा संदेश येतो. पडद्यावर पहिली ओळ अक्षरशः बरोबर दिसते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जास्तीचे चिन्ह ठेवते, आणि लिनक्स त्या चिन्हासकट ‘बॅश’ शोधत बसते. एका कमांडचे काम आहे, पण माहीत नसेल तर प्रॅक्टिकलचे दोन तास जातात.

याहून शिकण्यासारखा प्रकार भरलेल्या डिस्कचा. विद्यार्थी फाइल सेव्ह करायला जातो, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येते. तो अ‍ॅडमिनला बोलावतो. अ‍ॅडमिन स्वतःच्या जागेवरून रूट (सर्व हक्क असलेला वापरकर्ता) म्हणून तीच फाइल सेव्ह करतो आणि म्हणतो, माझ्याकडे तर चालतंय. दोघेही खरे बोलत असतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टीम मुळात पाच टक्के जागा फक्त रूटसाठी राखून ठेवते, म्हणजे डिस्क तुडुंब भरली तरी अ‍ॅडमिनला आत शिरून साफसफाई करता यावी. संरक्षणासाठी केलेली ही तरतूद निदानाच्या वेळी मात्र दिशाभूल करते. याचा जुळा भाऊ म्हणजे आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीचा, तुटवडा. डीएफ कमांड जागा अर्धीही भरली नाही असे सांगते, संदेश तरी तोच येतो. आयनोडचा आकडा वेगळा मागितला तर तो शंभर टक्के निघतो. रात्री चालणाऱ्या एखाद्या कामाने दर मिनिटाला एक बारीकशी फाइल टाकत टाकत लाखोंचा ढीग केलेला असतो.

मग चंद्रपूरची खास कारणे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो; चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तप्त ठिकाणांच्या यादीत येत राहतात. खोलीतला एसी थकलेला, यूपीएसची बॅटरी जुनी, त्यात वीज जाते-येते. डिस्कवर लिहिताना गडबड झाली की अनेक लिनक्स यंत्रे ती फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवतात. वाचणे चालू, लिहिणे बंद. जुन्या फायली दिसतात, लॉगिनही होते, म्हणून वापरकर्त्याला वाटते आपली परवानगी काढली. परवानग्या तपासत बसणे इथे निव्वळ वेळ घालवणे आहे; कर्नलचे संदेश पाहिले की दोन ओळींत उलगडा होतो. यंत्रातली घड्याळाची बॅटरी संपली आणि नेटवर्कही नसले, तर तारीख कुठल्या कुठे जाते, प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे यंत्र सांगते आणि सॉफ्टवेअर अपडेट अडते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२च्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली, ती लॉगमधल्या नोंदींची वेळ भरवशाची असावी म्हणून.

कोणत्या टोकाने सुरुवात करायची

कारणे इतकी असतील तर शोध कुठून सुरू करावा, याबद्दल मुख्यतः तीन मते आहेत.

पहिले पायरीपायरीने जाणाऱ्यांचे. मी कोण म्हणून लॉगिन आहे, कमांड नेमकी कोणत्या ठिकाणची चालते आहे, परवानगी काय, डिस्क-मेमरी किती, नेटवर्क आहे का, हा क्रम सोडायचा नाही. ब्रेंडन ग्रेग यांची यूएसई पद्धत याच पठडीतली: प्रत्येक साधनाचा वापर किती, रांग किती, चुका किती. नवशिक्याला ही पद्धत तारते आणि अनुभवी माणसाच्या पूर्वग्रहालाही आवर घालते. तिच्यावरचा आक्षेप वेळेचा. परीक्षा चालू असताना साठ विद्यार्थी खोळंबले असतील तर शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला धीर लागतो.

दुसरे मत म्हणते, काल चालत होते ना, मग कालपासून काय बदलले ते बघा. प्रत्येक बदलाची नोंद असेल तर हा मार्ग सर्वांत जवळचा, आणि मोठ्या सेवांचा अनुभव या बाजूने बोलतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरची विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा बदल हेच कारण होते. अडचण अशी, की लहान संस्थांत बदलांची वहीच नसते. सेटिंगच्या फायली आपोआप नोंदवून ठेवणारी साधने फुकट मिळतात, तरी ती बसवायला कोणीतरी हवा. शिवाय भरलेली डिस्क, खंगलेली बॅटरी, तापलेली खोली यांत कोणी काही ‘बदललेले’ नसते.

तिसरे मत आधी सेवा पूर्ववत करा म्हणणाऱ्यांचे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६च्या पुस्तकात मांडलेली भूमिका साधारण अशीच आहे: मोठ्या बिघाडात आधी नुकसान थांबवा, कारण नंतर शोधा. २०१३मध्ये डॉकर आल्यापासून याच्या पुढची पायरीही सोपी झाली; बिघडलेले दुरुस्त करूच नका, टाका आणि नवे उभे करा. विरोधकांचे म्हणणे, की रीस्टार्ट केल्याने पुरावा पुसला जातो आणि तोच बिघाड पुन्हा येतो. वर सांगितलेल्या वाचण्यापुरत्या उरलेल्या डिस्कबाबत हा मतभेद फार धारदार होतो. रीस्टार्ट करून तपासणी चालवली तर बहुतेक वेळा यंत्र उठते. पण डिस्क खरोखर मरणपंथाला लागली असेल, तर तीच तपासणी शेवटचा धक्का ठरू शकते. माझा कल इथे आधी बॅकअप घेण्याकडे आहे, पण ज्याच्या दाराशी परीक्षेचे विद्यार्थी उभे आहेत त्याला हे सांगणे सोपे नाही.

अलीकडे यात एआयची भर पडली आहे. एररचा मजकूर चिकटवला की उत्तर येते, आणि ओळीच्या शेवटच्या न दिसणाऱ्या चिन्हासारख्या बाबतीत ते झटकन बरोबर येते. यंत्राची आजची अवस्था मात्र त्याला आपण सांगू तेवढीच कळते. सामायिक यंत्रावर सुचवलेली कमांड इतरांच्या फायलींवरून कशी फिरेल, हे ठरवायला माणूसच लागतो.

हक्क कोणाला, किती

अडलेली कमांड चालवण्याचा प्रयोगशाळांतला लोकप्रिय उतारा म्हणजे ७७७: सगळ्यांना सगळी परवानगी. एका फाइलपुरता तो चालूनही जातो, म्हणून सवय लागते. तोच संपूर्ण प्रणालीच्या फोल्डरवर फिरवला तर गंमत होते. फायलींवरची सेटयूआयडीची खूण पुसली जाते आणि रूटचा हक्क तात्पुरता देणारा सुडो बंद पडतो. सुडोच्या नियमांची फाइल कोणालाही लिहिता येते असे दिसले, तरीही सुडो नकार देतो. एसएसएचही फार मोकळी ठेवलेली किल्ली स्वीकारत नाही. सगळ्यांना हक्क दिले आणि हक्क देणारे दारच बंद झाले.

सुडो १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात बफेलो इथल्या विद्यापीठात जन्मला. १९९४पासून टॉड मिलर तो सांभाळत आहेत. रूटचा पासवर्ड न वाटता नेमक्या माणसाला नेमकी कमांड देता येते आणि कोणी काय चालवले याची नोंद राहते, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे, आणि ते खरे आहे. टीका त्याच्या पसाऱ्यावर आहे. जानेवारी २०२१मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने उघड केलेली त्रुटी २०११पासून त्यात पडून होती, आणि यंत्रावरच्या कोणत्याही साध्या वापरकर्त्याला तिच्यामुळे रूट होता येत होते. पुढच्याच वर्षी पोलकिट या हक्क देणाऱ्या दुसऱ्या साधनाच्या पीकेएक्झेकमध्ये तशीच त्रुटी सापडली. मग पर्यायांना जोर आला. ओपनबीएसडीने २०१५मध्येच छोटासा डूअ‍ॅज आणला होता, सिस्टमडीने २०२४मध्ये सेटयूआयडी न वापरणारा रन-झीरो दिला, उबुंटूने २५.१० या आवृत्तीत रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो मूळ पर्याय म्हणून घेतला.

आणखी एक वाट महासंगणकांच्या जगात रुळली आहे: हक्क मागायची वेळच येऊ द्यायची नाही. पुण्यातल्या सी-डॅकच्या परम मालिकेसारख्या यंत्रांवर शेकडो संशोधकांना रूट देणे शक्यच नसते. तिथे सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या आवृत्त्या मॉड्यूल म्हणून ठेवतात, किंवा अ‍ॅपटेनरसारख्या साधनाने वापरकर्ता स्वतःचे कंटेनर रूटशिवाय चालवतो. लहान महाविद्यालयांनीही हे उचलावे असे काही जण म्हणतात. इतरांच्या मते त्यामुळे विद्यार्थ्याला यंत्राच्या आतले काहीच दिसत नाही, आणि अ‍ॅडमिन घडण्याची वाट बुजते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. निकाल संस्थेकडे किती माणसे आहेत यावर लागतो. शिकणाऱ्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेव्हा निदान भाषेची अडचण सांगता येणार नाही.

लॉग कोणी वाचायचे

बिघाडाचे खरे वर्णन पडद्यावर नसते, लॉगमध्ये असते. ते वापरकर्त्याला दाखवावे का? मोकळेपणाच्या बाजूचे म्हणतात, ज्याचे काम अडले त्याला कारण वाचता आले तर निम्म्या तक्रारी अ‍ॅडमिनपर्यंत येणारच नाहीत. सुरक्षेच्या बाजूचे दाखवून देतात, की लॉगमध्ये इतरांची नावे, पत्ते, कधी कधी चुकून नावाच्या जागी टाइप केलेला पासवर्डही असतो. गेल्या काही वर्षांत पारडे या बाजूला झुकले आहे. पूर्वी कोणालाही वाचता येणारे कर्नलचे संदेश उबुंटूने २०.१० या आवृत्तीपासून साध्या वापरकर्त्याला बंद केले. म्हणजे डिस्क वाचण्यापुरतीच उरली आहे, हे सांगणाऱ्या त्या दोन ओळी आता विद्यार्थ्याला दिसत नाहीत. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, पण जपणे आणि दाखवणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

याला लागून जबाबदारीचा प्रश्न येतो. एट्सी या कंपनीत जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२मध्ये दोषारोप न करता बिघाडाची चिकित्सा करण्याची रीत मांडली: नाव विचारायचे नाही, त्या क्षणी त्या माणसाला ते पाऊल बरोबर का वाटले ते विचारायचे. कॉर्बाटोंच्या त्या दुपारी दोष कोणाला लावणार होते? सरकारी आणि शैक्षणिक संस्थांत मात्र ‘जबाबदारी निश्चित करा’ ही टिपणी आधी येते, आणि ती अगदीच गैर म्हणता येत नाही; सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणी तरी द्यावाच लागतो. पण नाव लागणार असेल तर लॉग पुसण्याकडे कल होतो, हेही तितकेच खरे. दोन्ही साधणारी रीत आपल्याकडे अजून बसलेली नाही.

सर्व्हर दूर असतो तेव्हा

भामरागड किंवा एटापल्लीच्या रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर बोट ठेवले जाते, तेव्हा तीही एका सामायिक सर्व्हरवर गेलेली कमांडच असते. वाटेत यंत्र, मोबाइल टॉवर, राज्याचा सर्व्हर आणि आधारची पडताळणी असे टप्पे आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, टॉवरला वीज पोचेल याची खात्री नसते. तांत्रिक मतभेद इथे असा आहे, की पडताळणी त्या क्षणीच व्हावी, की यंत्राने व्यवहार साठवून जोडणी आल्यावर पाठवावा. पहिल्याने गैरव्यवहाराला आळा बसतो, दुसऱ्याने माणूस रिकाम्या पिशवीने परतत नाही. डोंगराळ, जंगली भागांसाठी सवलत असावी यावर फारसे दुमत नाही; ती कोणत्या गावाला आणि कोणी जाहीर करायची, यावर आहे.

निदानाच्या बाजूने पाहता आणखी एक गोष्ट पडून आहे. आधारची पडताळणी फसली की यूआयडीएआयकडून एक क्रमांक परत येतो. ३०० म्हणजे बायोमेट्रिक, इथे बोटाचा ठसा, जुळले नाही, ३३० म्हणजे धारकाने स्वतःच बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे. उत्तरच आले नाही, तर गोष्ट जोडणीची किंवा सर्व्हरची. हे शेलच्या १२६ आणि १२७सारखेच आहे. तेंदूपत्ता तोडून, मोहफुले वेचून घासलेल्या बोटांचा ३०० आणि पडलेल्या टॉवरचे मौन, या दोन्हींचे उपाय निराळे: एकाला डोळ्याच्या पडताळणीचे यंत्र किंवा नामनिर्देशित व्यक्ती, दुसऱ्याला दुरुस्तीचे पथक. दुकानातल्या बोलण्यात मात्र दोन्हींचे नाव ‘सर्व्हर डाउन’ असेच पडते. हा क्रमांक त्याच्या अर्थासह ग्राहकाला सांगावा का, पावतीवर छापावा का, तालुक्याला महिन्याकाठी त्यांची बेरीज मिळावी का, हे प्रश्न खर्चाचे फारसे नाहीत. ते लॉग कोणी वाचायचे याच प्रश्नाचे भाऊबंद आहेत, आणि त्याच्याइतकेच अनुत्तरित.